सनद विचारायची सवय



गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची भाची बी.एड. होऊन घरी बसली आहे. शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता वर्षे चालली आहेत. आता कुणी सुचवले आहे की तिने ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, म्हणजे बी.लिब., करून घ्यावी. मी शाळेची नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून हा अभ्यासक्रम केला, हे काही वाचकांना माहीत आहे. म्हणून एका खालांनी सरळच विचारले, "तुम्ही ती पदवी घेतली, तरी वर्गातच शिकवता. मग एवढा अभ्यास करून मिळाले काय?"

नोकरीपुरते उत्तर आधी देते. शाळेतील ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर मंजूर होते. मोठ्या शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याहून लहान शाळेत अर्धवेळ, आणि अगदी लहान शाळेत ग्रंथालयाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडेच, अशी साधारण स्थिती असते. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे तर पुढे एम.लिब. आणि नेट किंवा सेट लागते. तेव्हा बी.लिब. केली की लगेच जागा मिळेल, असे मी कुणालाही सांगणार नाही. मुलीने ही वाट धरायची तर हे सगळे समजून धरावी.

पण खालांचा प्रश्न नोकरीपेक्षा मोठा आहे. त्याचे माझे उत्तर असे: शिकवायचे कसे, हे मला बी.एड.ने सांगितले. मुलाने स्वतः शोधायचे कसे, आणि सापडलेल्या गोष्टीवर विश्वास केव्हा ठेवायचा, हे शिकवण्याची रीत ग्रंथालयशास्त्राने दिली. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, आईवडिलांचे शिक्षण सातवी-आठवीपर्यंत झाले आहे आणि माहिती बहुतेक मोबाइलवरच्या मेसेजमधूनच येते, त्या घरातील मुलाला याची गरज सर्वांत जास्त आहे. आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणारा आणि धूळ झटकणारा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात त्या अभ्यासक्रमात वर्गीकरण असते, तालिकीकरण असते, संदर्भसेवा असते, माहितीची साधने पारखणे असते. यातील प्रत्येक गोष्ट माझ्या हायस्कूलच्या वर्गात रोज उपयोगी पडते. ती कशी, ते क्रमाने सांगते.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

संदर्भसेवेचा पहिला धडा असा की वाचक सुरुवातीला जे मागतो, ते त्याला हवे असतेच असे नाही. त्याला काय हवे आहे हे त्यालाच पुरते ठाऊक नसते. म्हणून ग्रंथपालाने कपाटाकडे धावण्याआधी दोन-चार प्रश्न विचारायचे. कशासाठी हवे? आतापर्यंत काय वाचले? किती खोलात जायचे आहे? केव्हापर्यंत हवे?

आठवीतला एक मुलगा प्रकल्पासाठी आला आणि म्हणाला, "मॅडम, पाण्याची माहिती द्या." पाण्याची माहिती म्हणजे काय द्यायचे? पाऊस, धरणे, नदी, जलचक्र, की गावची नळयोजना? त्याच्याशी पाच मिनिटे बोलल्यावर कळले की त्याच्या वस्तीत बोअरचे पाणी येते, भांड्यांवर पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही. अम्मी रोज त्यावरून वैतागते. त्याला हवे होते ते दुष्फेन पाणी. विज्ञानाच्या पुस्तकात ते आहे: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाणी दुष्फेन होते, तात्पुरता दुष्फेनपणा उकळल्याने जातो, कायमचा असेल तर धुण्याचा सोडा घालावा लागतो. मुलाने दोन्ही प्रयोग घरी केले. "पाणी हेच जीवन" असा निबंध उतरवून आणण्यापेक्षा हा प्रकल्प त्याच्या जास्त कामी आला.

हीच रीत भाषेच्या तासाला वापरता येते. उर्दू माध्यमाची मुलगी म्हणते, "मला मराठी जमत नाही." हे वाक्य ऐकून तिला आणखी दहा धडे वाचायला लावले तर ती आणखी घाबरेल. थोडे विचारले की कळते, तिला वाचता येते, अर्थही लागतो. अडचण फक्त लिंगाची आहे. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. उर्दूतली किताब स्त्रीलिंगी, मराठीतले पुस्तक नपुंसकलिंगी. मग ती "माझी पुस्तक" लिहिते आणि मार्क जातात. एवढी एक गाठ सोडवली की पंधरा दिवसांत तिच्या वहीत फरक दिसतो. "समजले का?" या प्रश्नाला सगळा वर्ग "हो" म्हणतो. म्हणून "कुठपर्यंत समजले आणि कुठे अडले?" असे विचारावे.

क्रम कळला की वाट सापडते

वर्गीकरण म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा देणे. मेल्विल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश पद्धत आजही अनेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात सगळे ज्ञान दहा मोठ्या वर्गांत विभागलेले आहे. धर्म २०० मध्ये, भाषा ४०० मध्ये, विज्ञान ५०० मध्ये, साहित्य ८०० मध्ये, इतिहास-भूगोल ९०० मध्ये. इस्लामची पुस्तके २९७ या अंकाखाली मिळतात, मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि उर्दू साहित्य ८९१.४३९ वर. मराठी आणि उर्दू ग्रंथालयातही शेजारणी आहेत, हे कळल्यावर आमच्या मुलांना गंमत वाटते.

हे काम आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. बगदादच्या इब्न अल-नदीम या पुस्तकविक्रेत्याने ३७७ हिजरीत, म्हणजे सन ९८७ मध्ये, आपल्या माहितीतील अरबी पुस्तकांची विषयवार यादी केली. त्या ग्रंथाचे नाव 'किताब अल-फिहरिस्त'. उर्दूतला फेहरिस्त हा शब्द तोच. त्यातली कितीतरी पुस्तके पुढे नष्ट झाली. ती कधी लिहिली गेली होती, एवढे तरी आज या यादीमुळे कळते.

वर्गात याचा उपयोग अगदी साधा आहे. नववीत आलेल्या अनेक मुलांनी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका धडा क्रमांक पाहण्यापलीकडे कधी वापरलेली नसते. शब्दकोश हातात दिला तर ती पहिल्या पानापासून शब्द शोधू लागतात. म्हणून जून-जुलैमध्ये मी चार तास फक्त कोशासाठी ठेवते. मराठी कोशाची वर्णमाला वेगळी, उर्दू कोशाची वेगळी. मराठीत 'भ' हे स्वतंत्र अक्षर आहे. उर्दूत 'बे'ला दो-चश्मी हे जोडून तो आवाज होतो, म्हणून काही कोशांत 'भाई' हा शब्द 'बे'च्याच ओळीत शोधावा लागतो. अरबी कोश तर पुष्कळदा धातूवर लावलेले असतात. तिथे 'मकतब' शोधायचा तर 'मीम'कडे न जाता क-त-ब या मूळ अक्षरांकडे जावे लागते. किताब, कातिब, मकतूब ही सगळी भावंडे तिथेच भेटतात. जी मुले संध्याकाळी मकतबमध्ये अरबी शिकतात, त्यांना हे लगेच पटते. कोणत्याही कोशाचा क्रम त्याच्या प्रस्तावनेत दिलेला असतो. तो आधी वाचायचा, हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि प्लॅट्सचा उर्दू कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. दोन्ही कोशांत शब्द कोणत्या भाषेतून आला हे एका अक्षराच्या खुणेने दाखवलेले असते. दप्तर, कागद, शाई, तारीख, हजर हे रोजच्या शाळेतले शब्द मुलांना त्यात शोधायला लावले की फारसी आणि अरबीच्या खुणा सापडतात. मराठी ही आपली भाषा आहे हे त्यांना भाषण करून सांगावे लागत नाही.

सनद कुठे आहे?

आता मुख्य गोष्ट. माहिती मिळणे आज अवघड राहिलेले नाही. मिळालेली माहिती खरी की खोटी, हे ओळखणे अवघड झाले आहे. ग्रंथालयशास्त्रात यासाठी नेमके प्रश्न शिकवतात. हे कुणी लिहिले? त्याला हे कसे कळले? केव्हा लिहिले? दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तेच सांगितले आहे का?

मी हे प्रश्न वर्गात मांडले तेव्हा नवीन शब्दांची गरज पडली नाही. आपल्या घरांत शब्द आधीच आहे: सनद. मराठीतही तो आहे. सनदी अधिकारी, सनदशीर मार्ग असे आपण म्हणतोच. हदीसच्या इल्ममध्ये एक भाग असतो मत्न, म्हणजे मूळ कथन, आणि दुसरा भाग सनद, म्हणजे ते कथन कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी. मुहद्दिसांनी एकेका रावीची चौकशी केली. त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, ज्याच्याकडून ऐकले असे तो म्हणतो त्याला तो भेटला होता का. या चौकशीतून अस्मा-उर-रिजाल हे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. मग रिवायतींना दर्जे लागले: सहीह, हसन, जईफ, आणि जी बनावट ठरली ती मौजूअ. कथन कितीही चांगले वाटले तरी साखळी तुटलेली असेल तर ते तसे नोंदवले गेले. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीतही हाच हुकूम आहे: भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी पडताळा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल.

एवढा वारसा असलेल्या समाजात आज सकाळी उठल्याबरोबर हदीसच्या नावाने कोणताही मजकूर पुढे पाठवला जातो. खाली हवाला नसतो, असला तर कुणी उघडून पाहत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात हमखास ऐकू येणारी एक गोष्ट घ्या: इल्मसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, या अर्थाची रिवायत. हदीसच्या सहा प्रसिद्ध संग्रहांत ती नाही. इमाम बैहकींनी तिच्या सनदी जईफ असल्याचे नोंदवले आणि इब्न अल-जौझींनी तिला बनावट रिवायतींच्या आपल्या संग्रहात घातले. दुसरीकडे, इल्म मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज असल्याची रिवायत सुनन इब्ने माजामध्ये आहे. तिच्या सनदीवरही आलिमांनी चर्चा केली, आणि ती अनेक वाटांनी आल्यामुळे काहींनी तिला हसनचा दर्जा दिला.

दर्जा ठरवणे हे आलिमांचे काम आहे. मी फतवा देत नाही. भाषणाच्या कागदावर प्रेषितांचे (स.) नाव लिहिण्यापूर्वी हवाला शोधा आणि तो सापडला नाही तर मौलाना साहेबांना विचारा, एवढेच मुलांना सांगते. इल्मची थोरवी सांगायला पक्के हवाले पुष्कळ आहेत. कच्च्याचा आधार घ्यायची गरज नाही.

फातिमा शेख आणि तीन रकाने

ही रीत इतिहासाला लावली तेव्हा काय झाले, ते सांगते. ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. आमच्या शाळेत त्या आठवड्यात भित्तिपत्रके लागतात आणि आमच्या मुलींना साहजिकच फातिमा शेख यांच्यावर लिहायचे असते. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू करणाऱ्या फुले दांपत्याच्या कामात एक मुसलमान शिक्षिका होती, ही गोष्ट आमच्या मुलींना हवीहवीशी वाटते. इंटरनेटवर मजकूर भरपूर मिळतो: जन्मतारीख, घर, भाऊ, शिक्षण, प्रसंग. २०२२ मध्ये ९ जानेवारीला गूगलनेही तिच्या जन्मदिवसाचे चित्र लावले होते. मग जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर उलटा दावा गाजला, की अशी बाई कधी झालीच नाही, हे पात्र रचलेले आहे. दहावीतल्या मुली चिडून माझ्याकडे आल्या. मी म्हटले, चिडून काही सिद्ध होत नाही, सनद शोधू.

आम्ही मोठ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिला, त्या काळातला कागद. दुसरा, नंतरच्या लेखकांनी सांगितलेले. तिसरा, मूळ न सापडलेले. पहिल्या रकान्यात एक भक्कम नोंद आली. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाचा उल्लेख केला आहे: आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, या अर्थाचा. हे पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा आहे. भाऊ उस्मान शेख, त्यांनी फुले दांपत्याला दिलेला आसरा, हे दुसऱ्या रकान्यात गेले. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख तिसऱ्यात गेली, कारण तिच्या मागे त्या काळचा कागद मुलींना मिळाला नाही.

एका मुलीला हे पटेना. "मॅडम, मग आपण आपल्याच बाईची माहिती कमी केली की!" मी काही बोलण्याआधी तिच्या मैत्रिणीने उत्तर दिले, "कमी नाही केली. आता कुणी म्हटले की ती नव्हतीच, तर आपण पत्राची तारीख सांगू शकतो." त्या वर्षी भित्तिपत्रकावर जन्मतारीख नव्हती, पत्राची तारीख मोठ्या अक्षरांत होती. स्रोत न पाहता वाढवलेल्या गोष्टीमुळे खरी गोष्टही संशयात सापडते, आणि मग ती पुसून टाकणे सोपे होते, हे या मुलींना कळले. आपल्या समाजाच्या इतिहासाबाबत ही काळजी आपणच घ्यायला हवी.

नाव एकाच रूपात

तालिकीकरण हा विषय सर्वांत रुक्ष समजतात. पण आमच्या मुलांच्या आयुष्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तालिकेचा एक नियम असा की एका लेखकाचे नाव सगळीकडे एकाच रूपात लिहायचे. मौलाना आझाद कुठे 'अबुल कलाम आझाद' असतात, कुठे नुसते 'आझाद', कुठे 'मौलाना अबुल कलाम'. तालिकेत एक रूप पक्के करतात आणि बाकीच्या रूपांपुढे 'पहा' असे लिहून वाचकाला तिकडे वळवतात.

आता आपल्या मुलांची कागदपत्रे काढून पाहा. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', शाळेच्या जनरल रजिस्टरवर 'मो.', आधारवर 'मुहम्मद'. मुलीच्या नावापुढे एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. 'बी', 'बानो', 'खातून' कधी आहे, कधी नाही. ग्रंथालयात यामुळे एक पुस्तक हरवते. इथे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, पुढे पासपोर्ट अडकतो. जनरल रजिस्टरवर जे नाव असते तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर येते. मूल शाळेत असताना दुरुस्ती तुलनेने सोपी असते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते. म्हणून आठवी-नववीतच प्रत्येक मुलाकडून मी एक तक्ता भरून घेते: जन्मदाखला, जनरल रजिस्टर, आधार, बँक पासबुक, चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर कसे आहे. जिथे फरक असेल तिथे लाल खूण. मग पालकांना बोलावून कोणते रूप पक्के करायचे ते ठरवतो आणि दुरुस्तीचे अर्ज तेव्हाच करायला सांगतो.

शिष्यवृत्तीचेही तसेच. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे ग्रंथालयाचे तत्त्व आहे. आमच्या मुलांच्या बाबतीत वेळ चुकली की वर्ष जाते. आठवीतील मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, अशी मुले तिला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. कितीतरी पालकांना ती ठाऊकच नसते, आणि ठाऊक होते तेव्हा उत्पन्नाचा दाखला तयार नसतो.

उलट बाजूही आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि ती नववी-दहावीपुरती ठेवली. तरी जुने मेसेज तारीख नसल्यामुळे फिरत राहतात आणि पहिली-दुसरीतल्या मुलांच्या अम्मी कागद घेऊन सायबर कॅफेत रांग लावतात. म्हणून आमच्या फलकावर कोणतीही सूचना सहा ओळींतच लागते: योजनेचे नाव, कुणासाठी, शेवटची तारीख, लागणारे कागद, माहिती कुठून घेतली, आणि ती कोणत्या दिवशी पाहिली. शेवटच्या दोन ओळी म्हणजे त्या सूचनेची सनद. हा फलक मुलेच चालवतात.

कपाटाची किल्ली

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाली रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या कामात त्यांचे मन रमेना, वर्गात परत जावेसे वाटे. पुढे इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी या कामाला शास्त्राचे रूप दिले. त्यांचे पाच नियम १९३१ साली पुस्तकरूपाने आले. त्यांची जयंती १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून पाळली जाते. शिक्षक आणि ग्रंथपाल ही दोन कामे किती जवळची आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

त्यांच्या पहिल्या नियमाचा आशय असा की पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते. आपल्या किती शाळांत, मदरशांत, मशिदींच्या खोल्यांत कुलूपबंद कपाटे आहेत! पुस्तक फाटेल, हरवेल, आपल्यावर येईल, या भीतीने ती उघडत नाहीत. ग्रंथपाल नसलेल्या शाळेतही एक काम सहज होते. तीस-चाळीस पुस्तके वर्गात आणावी, मुलांकडून विषयवार लावून घ्यावी आणि एका वहीत देवघेव नोंदवायला दोन मुले नेमावी. दोन-तीन पुस्तके फाटतील. बंद कपाटात वाळवीने जातात त्यापेक्षा ती कमीच असतील.

घरी काय करता येईल

यासाठी कुणाला बी.लिब. व्हावे लागत नाही. घरी एक मराठी आणि एक उर्दू शब्दकोश ठेवा, आणि तो शोकेसमध्ये न ठेवता मुलांच्या हाताला लागेल असा ठेवा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके फुकट आहेत, रेख्तावर उर्दू पुस्तके आहेत. मोबाइल घरात आहेच. तो या कामालाही वापरता येतो, हे मुलांना दाखवा.

मुलगा काही विचारील तेव्हा लगेच उत्तर देऊ नका, आणि "गप्प बस"ही म्हणू नका. "तुला हे कशासाठी हवे आहे?" असे विचारा आणि मग दोघांनी मिळून शोधा. तुमचे शिक्षण कमी असले तरी हे जमते. मूल वाचून दाखवील, तुम्ही विचारायचे, "हे कुणी लिहिले आहे, बेटा?"

कुटुंबाच्या ग्रुपवर एक लहानसा नियम करून पाहा: हदीस, औषध, सरकारी योजना आणि कुणाच्याही बदनामीची बातमी, या चार गोष्टी हवाल्याशिवाय पुढे पाठवायच्या नाहीत. मोठ्यांनी पाठवल्या तर मुलांनी अदबीने विचारावे, "चाचा, याची सनद कुठे आहे?" आणि चाचांनी रागावू नये. मुलगा उद्धट झाला नाही. तो आपल्या बुजुर्ग मुहद्दिसांच्याच वाटेने चालला आहे.

येत्या रविवारी जमले तर मुलांची कागदपत्रे काढून नावांचा तो तक्ता मात्र जरूर भरा. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.